सकाळची लाल फुली

प्रिय मास्तरीणबाई,

घाबरू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या काळजात धस्स होईल, म्हणून हे आधी लिहिलं. तुझ्या सासऱ्यांचा गुडघा होता तसाच आहे आणि डॉक्टरांचं न ऐकण्याची त्यांची सवयही होती तशीच आहे. तुला सूनबाई लिहायची आता सोय राहिली नाही आणि नावानं हाक मी कधी मारली नाही, म्हणून ही जुनीच हाक. लॅबमध्ये आम्हा सगळ्यांना कॉम्प्युटर शिकवताना तू जो आवाज चढवायचीस त्यावरून मीच ठेवलेलं नाव. तुला ते कधी आवडलं नाही हे मला ठाऊक आहे. आता सोसून घे.

दुसरं म्हणजे, मी पासवर्ड मागायला लिहीत नाहीये. डबा उघडतोय. कोपऱ्यातल्या फळीवर तू आणून ठेवलेला तो काळा डबा, ज्यात लॅबमधल्या प्रत्येक दाताचं, प्रत्येक कवळीचं माप साठवलेलं असतं आणि सगळी यंत्रं जिथून ते माप उचलतात, तो परवापासून रोज सकाळी मुकाट्यानं उघडतोय. पण त्याआधी त्यानं आमच्या तोंडाला जो फेस आणला, तो सगळा पाढा मी तुझ्यापुढे वाचणार आहे. इथे कुणाला ऐकायची फुरसत नाही. सासरे ऐकल्यासारखं करतात आणि चिरंजीव ऐकायला लागले की उठून जातात. तेव्हा तूच ऐक. आत्ता मी प्लास्टरच्या खोलीत बसून लिहितेय, समोर साचे घट्ट व्हायचेत, तोवर मला वेळच वेळ आहे.

सुरुवात एका सोमवारी झाली. मी नेहमीसारखा जिना चढून आले, खालच्या लॉन्ड्रीची वाफ जिन्यात भरलेली, कुलूप काढलं, तुझ्या सासऱ्यांनी मेन स्विच वर केला आणि सगळी यंत्रं एकदम जागी झाली. मी माझ्या टेबलावर बसले आणि बघते तर डब्याच्या चित्रावर लाल फुली. खाली एक ओळ, की नेटवर्कवरचे ड्राइव्ह जोडता आले नाहीत. सगळ्या कॉम्प्युटरवर तीच फुली, तीच ओळ. मी दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं, बंद करून चालू केलं. फुली ढिम्म हलेना. आणि मापावरून दात कोरणारं ते यंत्र, ते तर आणखी शहाणं. ते सुरू होतं, डब्यात माप शोधतं, सापडलं नाही की लाल दिवा लावून स्वस्थ बसतं. ना की-बोर्ड, ना काही. त्याच्याशी भांडायचं तरी कसं? पॉलिशवाल्या मावशी मोटर सुरू करून बसल्या होत्या, त्यांनी मोटर बंद केली आणि मधल्या सुट्टीत बसल्यासारख्या निवांत हाताची घडी घालून बसल्या. त्यांना पॉलिश करायला काही हवं ना.

चिरंजीव आले, त्यांनी फुलीवर दाबलं, स्वतःचं नाव घातलं, स्वतःचा पासवर्ड घातला, आणि डबा उघडला. झालं, म्हणाले, एवढ्यासाठी आरडाओरडा. मग एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन तेच केलं. कोरणाऱ्या यंत्रासाठी मागच्या बाजूला की-बोर्ड लावून, खाली वाकून, चाचपडत तेच केलं. दिवस पार पडला. मीही विसरले. मंगळवारी सकाळी पुन्हा फुली. पुन्हा चिरंजीव, पुन्हा वाकणं. बुधवारी पुन्हा. म्हणजे दिवसभर सगळं सुरळीत, आणि संध्याकाळी दिवे मालवून सकाळी उघडलं की जणू आपली कुणाशी ओळखच नाही. रोज नव्यानं ओळख करून द्यायची. मला सांग, हे कसलं यंत्र? माझ्या डोक्याला तर ताप झाला. सकाळचा पहिला तास म्हणजे आपल्या धंद्याचा जीव, तू जाणतेस. डॉक्टरांची मापं रात्रीत येऊन पडलेली असतात, भट्टी तापायला वेळ लागतो, आणि आम्ही आपले फुलीकडे बघत बसलोय.

आता तुला एक खरं सांगते, कारण लपवून काही उपयोग नाही. पहिल्या दिवसापासून मला मनातून थोडं बरंही वाटत होतं. चिडत होते, पण आतून बरं वाटत होतं. कारण मला तू परत हवी होतीस. चिरंजीवांची बायको म्हणून नव्हे. तुम्हा दोघांचं का बिनसलं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. एका घरात दोन गप्प माणसं म्हटल्यावर कुणाला दोष द्यायचा? मला तू माझ्या लॅबमध्ये हवी होतीस, खिडकीजवळच्या त्या खुर्चीत, पेन्सिल केसांत खोचून. गेल्या उन्हाळ्यात तू गेल्यापासून मी त्या खुर्चीवर कुणाला बसू दिलेलं नाही. पण बोलवायचं कुठल्या तोंडानं? निमित्त तर हवं. आणि हे बिघडलेलं यंत्र मला चालून आलेलं निमित्त वाटत होतं. फक्त आधी सगळे उपाय करून हरल्यासारखं दिसायला हवं होतं, नाहीतर चिरंजीवांना वास आला असता.

म्हणून कॉम्प्युटरवाल्याला बोलावला. तू त्याला पाहिलेलं नाहीस, हा नवा आहे, उंच, मान पुढे काढून चालणारा, आणि बोलायला लागला की समोरच्याला काही कळतंय की नाही याची फिकीर नाही. आल्या आल्या म्हणाला, शेअर माउंट होत नाहीये. मी म्हटलं, बाबा रे, ते आम्हालाही दिसतंय, जोडलं जात नाही, पण का? त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि त्याची नजर मेन स्विचवर गेली. संध्याकाळी हा बंद करता का, म्हणून विचारलं. आता झाली का पंचाईत. तुझ्या सासऱ्यांचा तो स्विच म्हणजे काय आहे ते तुला सांगायला नको. एकदा कधीतरी भट्टी चालू राहिली होती तेव्हापासून तो खटका खाली ओढल्याशिवाय ते जिना उतरत नाहीत, आणि उतरल्यावर एकदा वर येऊन पुन्हा बघून जातात. कॉम्प्युटरवाल्यानं निदान केलं की घोडं इथेच अडलंय. सकाळी सगळं एकदम चालू होतं, डबा जागा व्हायला वेळ लावतो, कॉम्प्युटर आधी जागे होतात, डब्याला हाक मारतात, ओ मिळाली नाही की फुली मारून मोकळे. दुसऱ्यांदा हाक मारायची म्हणून त्यांना रीतच नाही.

मला हे पटलं. तुझ्या सासऱ्यांना अजिबात पटलं नाही. मोटरच्या आवाजानं कान गेलेत तरी एवढं मात्र त्यांना लख्ख ऐकू आलं. इतकी वर्षं मी स्विच बंद करतोय, तेव्हा उघडत होता ना तुमचा डबा, मग आताच काय झालं, असा त्यांचा सवाल. आणि बघ, तोच सवाल बरोबर होता. पण त्यांचं बोलणं मनावर घ्यायची आपल्या घरात कुणाला सवय आहे? दोन दिवस वाद चालला. जेवताना वाद, जिन्यात वाद. शेवटी वायरमन आणून डब्यासाठी वेगळी लाइन काढली, मेन बंद केला तरी डबा चालूच राहील अशी. सासरे त्या दिवशी रागानं आधीच घरी गेले. मी एकटीनं दिवे मालवले आणि अंधारात फळीवर तो हिरवा ठिपका लुकलुकताना बघून म्हटलं, सुटलो एकदाचे.

सकाळी फुली.

मला हसावं की रडावं कळेना. सासरे खुर्चीत बसून पेपर वाचत होते, आणि पेपरच्या मागे त्यांचे खांदे हलत होते. कॉम्प्युटरवाला पुन्हा आला. आता म्हणाला, मग नेटवर्कच उशिरा येत असेल. कॉम्प्युटर सुरू होतो, पण वायरीतून बोलायला त्याला जरा वेळ लागतो, आणि तेवढ्यात तो डबा शोधून मोकळा होतो. त्यानं सगळ्या यंत्रांना धीर धरायला शिकवलं. आधी थांबायचं, नेटवर्क आलं की मगच डब्याकडे जायचं. मला ही युक्ती आवडली. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. चित्रावर काही नाही. काही नाही. मावशींनी देवाचं नाव घेतलं. आणि मग आली, सावकाश, ऐटीत आली फुली. आधी लगेच यायची, आता वाट बघायला लावून आली. मी कपाळाला हात लावला. त्या दिवशी मी कॉम्प्युटरवाल्याला फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुझ्या देखत कधी तसं बोलले नाही आणि आता कागदावर तरी कशाला.

त्याच आठवड्यात ते बातम्या वाचणाऱ्या बाईंचं प्रकरण झालं. त्यांचा पुढचा दात तुटलेला, संध्याकाळी कॅमेऱ्यापुढे बसायचं, आणि डॉक्टरांनी सकाळीच माप पाठवून बजावलं की दुपारपर्यंत कॅप हवी. चिरंजीव नेमके बाहेरगावी. त्यांचा पासवर्ड ते कुणाला देत नाहीत, माझा मला आठवत नाही. माप डब्यात, डबा बंद, यंत्र लाल दिवा लावून बसलेलं. डॉक्टर फोनवर फोन करतायत. ते म्हणाले, तुमच्याकडून होत नसेल तर दुसरी लॅब बघतो, आणि एवढंच नाही, यापुढचंही तिकडेच देतो. आपल्या कामाचा निम्मा भाग त्यांच्याकडून येतो, तुला माहीत आहे. मी त्यांना म्हटलं, जुन्या पद्धतीनं माप घेऊन पाठवा, प्लास्टरमध्ये, मी हातानं करते. किती वर्षांनी मेण हातात घेतलं. बोटांची सवय गेली होती, पण दात विसरला नव्हता मला. रंग जुळवला, भट्टीतून काढला, मावशींनी पॉलिश केला आणि तुझे सासरे दुखरा गुडघा घेऊन स्वतः पोचवून आले. दात नेमका बसला. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी बातम्या बघितल्या आणि एकही बातमी ऐकली नाही. सगळे म्हणाले, वा. पण मास्तरीणबाई, मी त्या दिवशी घरी येऊन पाठ टेकली ती दुसऱ्या दिवशी उचलवेना. हे आता रोज होणारं नाही. तू ती यंत्रं आणलीस तेव्हा मी तुझ्याशी महिनाभर अबोला धरला होता, म्हटलं माझ्या हातातलं काम काढून घेतेय ही. त्या दिवशी पाठीला शेक घेताना मला कळलं की तू माझे हात वाचवलेस.

मी चिरंजीवांना बजावलं, आता हे मुळातून निघालं पाहिजे. कॉम्प्युटरवाला तिसऱ्यांदा आला, जरा ओशाळलेला होता. या खेपेला तो कॉम्प्युटरकडे गेलाच नाही. डब्यासमोर स्टूल घेऊन बसला. म्हणाला, कोण आलं, कोण गेलं याची नोंद डबा स्वतः ठेवतो, ती बघतो. मी मनात म्हटलं, मग ती पहिल्या दिवशी का नाही बघितलीस? आम्ही सगळे आपापल्या जागी काम करत असल्याचं नाटक करत होतो. बराच वेळ तो खाली-वर करत राहिला. मग मान वर न करता अगदी सहज विचारलं, “ही कोण? रोज सकाळी सगळी यंत्रं हिच्याच नावानं दार वाजवतात, आणि डबा म्हणतो, अशी कुणी इथे नाही.”

नाव त्यानं वाचून दाखवलं. तुझं होतं.

मावशींची मोटर नुसतीच फिरत होती. तुझ्या सासऱ्यांना काय ऐकू आलं कोण जाणे, ते मोठ्यानं म्हणाले, “कोण म्हणजे काय? सून आहे आमची.” चिरंजीवांची मान लाल झाली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो सोमवार उजाडायच्या आदल्या दिवशी, रविवारी, ते एकटेच लॅबमध्ये आले होते आणि त्यांनी डब्याची साफसफाई केली होती. कधीकाळी काम सोडून गेलेल्या दोघांची नावं काढून टाकली, आणि त्यांच्याबरोबर तुझंही. रागानं काढलं असं मी म्हणणार नाही. रोज यादी उघडली की ते नाव समोर यायचं, बघवत नसेल. त्यांना वाटलं, एक नाव गेलं, बस. त्यांना काय ठाऊक की तू यंत्रं बसवलीस तेव्हा डब्याशी जोडायला कुणाचं तरी नाव लागत होतं, तू मला विचारलं होतंस, आणि मी म्हटलं होतं, तुझंच घाल, माझ्या डोक्याला कशाला त्रास. तू तुझंच घातलंस. तेव्हापासून लॅबमधलं प्रत्येक यंत्र रोज सकाळी तुझं नाव सांगून आत जात होतं. आम्ही पुढे दिवसभर जे काही केलं ते तुझ्या नावावर केलं. चिरंजीव स्वतःच्या नावानं उघडायचे म्हणून दिवस निभायचा, आणि दुसऱ्या सकाळी यंत्रं पुन्हा आपली तुझ्याच नावावर जायची.

कॉम्प्युटरवाल्याला यातलं काय कळणार? त्यानं सरळ उपाय सांगितला. त्याच नावानं नवीन खातं काढतो, पण पासवर्ड तोच हवा, जो यंत्रांच्या पोटात आहे, आणि तो काही दिसत नाही. बाईंना एक फोन करा, विचारून घ्या, पाच मिनिटांचं काम. नाहीतर प्रत्येक यंत्र उघडून नाव बदलत बसावं लागेल. हे ऐकून चिरंजीव म्हणाले, “मी नाही करणार. तुला करायचा तर तू कर.” आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी काय सांगू तुला, मला आनंद झाला. इतके दिवस ज्या निमित्ताची वाट बघत होते ते ताटात वाढून आलं होतं, आणि तेही चिरंजीवांच्या तोंडून. मी ठरवलं, फोनवर पासवर्ड विचारायचा नाहीच. फोनवर सांगून मोकळी होशील तू. म्हणायचं, बाई गं, कुणाला काही उमजत नाही, तूच एकदा येऊन जा. एकदा आलीस की खुर्ची दाखवायची. पगार ठरवायचा, चिरंजीवांची वेळ वेगळी, तुझी वेळ वेगळी, समोरासमोर यायला नको. रात्रभर मी मनात हेच जुळवत होते. सकाळी सगळे आले की फोन करायचा असं पक्कं केलं.

सकाळी मी फोनजवळच बसले होते, आणि तो आपणहून वाजला. एक बाई बोलत होत्या. लांबच्या शहरातल्या मोठ्या लॅबमधून, नाव सांगितलं तर तू ओळखशील. बोलणं नेमकं, आवाज शांत. म्हणाल्या, तुमच्याकडच्या एका मुलीला आमच्या कॉम्प्युटर विभागाची मुख्य म्हणून घ्यायचा विचार चाललाय, हाताखाली बरीच माणसं असतील. तुमच्याकडे लेखी विचारणा केली होती. उत्तर आलं की ती घरातलीच होती, अधूनमधून मदत करायची, नोकरीवर नव्हती. पण तिचं काम बघितलं, तिच्याशी बोललो, तर ते अधूनमधून मदत करणाऱ्याचं वाटत नाही. म्हणून म्हटलं प्रत्यक्ष विचारावं, ती तुमच्याकडे नक्की काय करत होती?

मला हे काही ठाऊक नव्हतं. तू कुठे अर्ज केलास हे नाही, त्यांनी आपल्याला विचारलं हे नाही, आणि चिरंजीवांनी काय कळवलं हे तर मुळीच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर चिरंजीव कोरणाऱ्या यंत्राच्या मागे वाकून तो की-बोर्ड लावत होते. पडद्यावर फुल्या होत्या. आणि त्याच वेळी, तुला खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं की नुसतं हो म्हण. घरातलीच होती, मदत करायची. ते खोटंही नव्हतं. ती नोकरी तुला मिळाली नसती, आणि दुपारी माझा फोन आला असता तर तू कदाचित आली असतीस. फोनमध्ये त्या बाई थांबल्या होत्या. आम्ही तुला हजेरीवर कधी घेतलं नाही, घरच्या माणसाला कसली हजेरी म्हणून. आणि आज त्याच बोलण्याचा असा दोर झाला होता, ओढला की तू इकडे.

मी म्हटलं, “ती आमच्याकडे कामाला नव्हती हे खरं आहे. आम्ही तिच्या हाताखाली होतो. आमची यंत्रं अजून रोज सकाळी तिचंच नाव घेतात, आणि ती नाही म्हणून सुरू होत नाहीत.”

त्या बाई हसल्या नाहीत. आणखी बरंच विचारलं, मी सगळं सांगितलं, कोणती यंत्रं तू बसवलीस, आम्हाला कसं शिकवलंस, चुकलं की कशी ओरडायचीस, तेही. शेवटी त्या म्हणाल्या, मग आमचं ठरलं, आठवडाभरात तिला कळवतो. फोन ठेवला तेव्हा चिरंजीव की-बोर्ड हातात घेऊन उभे होते. मला वाटलं आता भांडण. ते म्हणाले, मी खोटं नव्हतं लिहिलं. मी म्हटलं, माहीत आहे, त्याचाच राग येतोय. हातातला की-बोर्ड त्यांनी खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं की त्या लोकांना आपण दुसरं पत्र पाठवावं का. मी म्हटलं, तुझं तू ठरव. त्यांनी जेवायच्या आधी पाठवलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, पण लिहायला बराच वेळ लागला एवढं खरं. तो वाईट नाही गं. तुला हे मी सांगायला नको.

दुपारी मी तुला फोन केला नाही, कॉम्प्युटरवाल्याला केला. म्हटलं, ये आणि एकेक यंत्र उघडून नाव बदल. तो म्हणाला, कुणाचं घालू, तुमचं? मग आपणच म्हणाला की खरं तर लॅबच्या नावानं घालावं, माणसाच्या नावावर काही ठेवू नये, माणसं जातात. किती सहज म्हणाला. दिवसभर त्याच्याबरोबर मी फिरत होते, मला शिकव म्हटलं, आणि शेवटची दोन यंत्रं मी स्वतः केली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी मेन स्विच वर केला, आम्ही वाट बघितली, आणि एकाही पडद्यावर फुली आली नाही. कोरणाऱ्या यंत्रानं माप उचललं आणि कामाला लागलं. मावशींनी टाळ्या वाजवल्या. सासरे म्हणाले, मी सांगत होतो, स्विचचा काही संबंध नाही. सगळे खूश होते. मी इथे प्लास्टरच्या खोलीत येऊन दार लावून रडले.

तर हे पत्र का, ते आता लिहिते. त्या लोकांचा होकार एक-दोन दिवसांत तुझ्याकडे येईल, कदाचित आलाही असेल, आणि मी तुला ओळखते, तू तो हातात धरून बसून राहशील. जाताना जिन्यात उभी राहून तू मला म्हणाली होतीस, लॅबमध्ये काही अडलं तर कळवा, मी येईन. मी ते वाक्य इतके दिवस जपून ठेवलं होतं, आणि मला वाटतं तूही त्या वाक्यापायीच इतक्या जवळ खोली घेऊन राहिलीस. म्हणून तुला कळवतेय. काही अडलेलं नाही. सगळी यंत्रं तुझ्यावाचून सुरू होतात, मी स्वतः उभी राहून बघितलं आहे. मला तू हवी आहेस, पण ते अडणं नव्हे, आणि त्यासाठी तू थांबायचं नाहीस. हो म्हणून टाक आणि जा.

तुझीच, सासूपण सुटलं तरी तू जिला आई म्हणतेस
ती